गोठ्यातला निळा सदरा

मामा जाऊन महिना झाला होता, आणि तरीही कामरगावच्या त्या गोठ्यात ते मला पाठमोरे बसलेले दिसले. दिवेलागण होत होती. निळ्या चौकडीचा सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, गाईच्या पोटाला टेकलेले डोके… आणि बादलीत पडणाऱ्या धारांचा तोच संथ नाद. मग डोके वळले. ती मामी होती.

शाळेत विज्ञान शिकवणारे दिगंबरमामा भुताखेतांना हसत, पण नुसते हसून सोडून देत नसत. कुत्रे रडले की लोक देवाचे नाव घेत. मामा कुत्र्याचा पाय तपासायला निघत. मी नऊ वर्षांची असताना त्यांच्या गाईचे वासरू दगावले आणि तिने पान्हा चोरला. गड्याने वासराच्या कातड्यात कुटार, म्हणजे कोरडा भुसा, भरून ते तिच्यापुढे उभे केले. डोळ्यांच्या जागी दोन भोके होती. गाय ते चाटू लागली. जिभेची ती खरखर, आत कोरड्या कुटाराची सळसळ… आणि कासेतून दूध उतरले. मी मामांना घट्ट धरले.

"फसवलं तिला?"

"नाई पोरी. जीव नाई ह्याच्यात, हे तिच्या नाकाले समजते. पन आंग अडून बसते, त्याले निमित्त लागते. मानसाचंबी तसंच, आपन त्याले रीत म्हनतो, एवढंच."

आताची गाय मामांखेरीज कुणाला कासेला हात लावू देत नसे. ते गेल्यावर तिची कास दगडासारखी झाली. चौथ्या दिवशी मामीने दोरीवरचा, मामांच्या घामाचा वास असलेला सदरा अंगात घातला आणि ती धार काढायला बसली. गेलेल्या माणसाचे कपडे तेराव्याच्या आत देऊन टाकायचे असतात. तिची थोरली जाऊ दारातूनच ओरडली, "मेल्या मानसाचं आंगात घालते काय वं? अवदसा आनशीन घरात!"

"तुमीच जाऊन इचारा ना त्याईले, चालते का म्हनून," मामी मान वर न करता म्हणाली.

मला मामा दिसल्याचा भास झाला त्या संध्याकाळी, धार झाल्यावर, तिने उतरवलेला सदरा मी नाकाशी नेला. खडूची भुकटी, निलगिरीचे तेल, मामांचे काहीच त्यात उरले नव्हते. शेण, दूध आणि मामीचा घाम, एवढेच.

"मामी, याला मामांचा वास नाही गं आता."

"उतरला. आठ दिस झाले."

"मग गाय?"

"ते तं बिनासदऱ्याचीबी देऊन राह्यली. पाह्यलं मी एक डाव."

तिने सदरा खुंटीला लावला, कॉलर सारखी केली, आणि रित्या बाहीवरून वरून खाली हात फिरवला. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. तिच्या भेगाळलेल्या तळव्याखाली कापड खरखरत होते. तो आवाज मी ओळखला. नऊ वर्षांची असताना, याच गोठ्यात, मी तो ऐकला होता…