रिकाम्या फळीवरचा बिल्ला

"मॅडम, तुमचा डबा परत झोपला," उरवड्याच्या कारखान्यातले फोरमन बबनराव फोनवर म्हणाले. डबा म्हणजे आमचा कंट्रोलर, त्यांचं पॅकिंग मशीन चालवणारा छोटा संगणक. आठवड्यातली तिसरी वेळ. शुक्रवारपर्यंत सुधारला नाही तर सगळे डबे परत पाठवू, असं त्यांच्या मालकांनी बजावलं होतं. डब्यातला कर्नल, म्हणजे बाकीच्या प्रोग्रॅमना सांभाळणारा गाभा, माझ्या हातचा. त्यामुळे हिंजवडीहून मीच निघाले.

दुखणं अर्धं कळलं होतं. कर्नलमधली एखादी वस्तू अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात. घेताना प्रत्येकाने आकडा एकने वाढवायचा, सोडताना कमी करायचा. शून्य झाला की ती मेमरी मोकळी. हा रेफरन्स काउंट. आमच्याकडे मोकळी झालेली मेमरी कोणीतरी वापरत होतं, आणि आकडा तर सगळे इमानेइतबारे वाढवत होते. मी कोड चार वेळा वाचला. मला तो चारही वेळा आवडला.

कारखान्यात दुरुस्ती चालली होती. मशीनमध्ये शिरणारा प्रत्येक जण दाराजवळच्या फळीवर आपला बिल्ला लावायचा, बाहेर आला की काढायचा. मला गेटवर एक बिल्ला मिळाला होता. शेवटचा माणूस बाहेर आला, आतला डबा बघायचा म्हणून मी बिल्ला लावायला पुढे झाले. बबनरावांनी हात आडवा घातला.

"आता न्हाई लावायचा."

"का? मशीन बंदच आहे की."

"फळी रिकामी झाली की मी पलीकडं जाऊन मशीन चालू करायचं बटन दाबतो. तितनं फळी दिसत न्हाई. तुमी बिल्ला लावून आत शिरला, तर मला कळायचं कसं?"

"मग काय करायचं?"

"मला हाक मारायची. मी मशीन बंद ठेवून पयल्यापासनं नवं काम उघडनार."

मी हसायलाच लागले. आमचा कोड रिकाम्या फळीवर बिल्ला लावत होता! शून्यावर आलेला आकडा कोणीतरी एकवर नेत होतं, तोवर मेमरी मोकळी करायला सुरुवात झालेली असायची. आकडा शून्य नसेल तरच वाढव, तपासणं आणि वाढवणं एकाच दमात कर, शून्य असेल तर नवी वस्तू माग. एवढंच लिहायचं होतं. आत न जाताच परत फिरले आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्ती पाठवली.

"चार ओळी?" आमचे मॅनेजर म्हणाले. "आणि आठवडा?"

"ओळी चारच आहेत. जागा सापडायला आठवडा लागला."

शुक्रवार आला तरी डबा एकदाही झोपला नाही. मालकांनी डबे ठेवून घेतले. मी जाम खूश होते. तेवढ्यात बबनरावांचा फोन.

"मॅडम, डबा झकास हाय. पन आमचा एक बिल्ला कमी भरतोय."

पर्स उघडली. तो आतच होता. घेतलेलं परत करायचं असतं, हे मी कोडमध्ये मात्र कधीच विसरत नाही.