पिंजऱ्यावरची चादर

भिंतीवर माझं पोट होतं. दाराएवढं.

कॉलेजचा मोठा हॉल. पुढं मास्तरलोक, ऑफिसातले कारकून. मागं आम्ही गडीमाणसं आन् झाडणाऱ्या बाया. आवारात भटकी मांजरं लई झालती. त्यांना मारायचं न्हाई, पकडून ऑपरेशन करायचं आन् परत सोडायचं, ह्याची मीटिंग होती. पहिली मांजर कशी पकडली ते भिंतीवर दाखवायले होते. ताटली दिसली. मांजर आली. आन् तिच्या मागं मी. सदरा दातात धरलेला, धोतर सुटलेलं. खाली उतरलेलं आतडं तळहातानं आत ढकलून हर्नियाचा पट्टा बांधायलो होतो.

पहिल्यांदा कुणीतरी फुसकन हासलं. मग समदा हॉल.

"थांबा, थांबा, मागं घ्या," मॅनेजर साहेब म्हणाले. मला वाटलं, बंद करायलेत. त्यांनी मागं घेऊन पुन्हा लावलं.

"क्या चाचा, कौनसे कंपनी का बेल्ट है?" जीपचा ड्रायवर.

मी मान खाली घातली न्हाई. भिंतीकडंच बघत बसलो. उठून जावं म्हणलं, पण दार लांब होतं, आन् जायचं तर समद्यांच्या समोरनं.

हे दुखणं माझ्या पोरालाबी ठावं नव्हतं. चिटगुप्प्याच्या बाजारात एकटा जाऊन पट्टा आणलता. सुनेनं विचारलं तर कंबर धरली म्हणालो. ज्या माणसानं आयुष्यभर मेंढरू खांद्यावर घेऊन वढे वलांडले, त्यानं आतडं खाली आलं म्हणून कुणाला सांगायचं?

आवारातली पंपाची खोली. आम्हाला कापडं बदलायला तेवढीच. सकाळी बाया बदलतेत, मग आम्ही. तिथंच पोत्यावर करडी मांजर व्याली. पिलं हिंडायला लागल्यावर तिला पकडायचं ठरलं, म्हणून साहेबांनी कॅमेरा लावला.

मी तवाच विचारलं होतं. "साहेब, हितं आम्ही कापडं बदलतो."

"अप्पा, ते ताटलीपुरतंच बघतंय. तुमाला कोण बघायलंय?"

खांद्यावर हात ठेवून म्हणाले. मी मानलं.

आमचं घराणं मेंढरावालं. आता शेती हाय हळ्ळीखेडला थोडी, पण लहानपण माळावर गेलं. तिथं भिंत न्हाई, झाड न्हाई. कुणाला कापडं बदलायची असली की दुसरा घोंगडी आडवी धरून पाठ फिरवून उभा राहायचा. लहान लेकरूबी वळून बघायचं न्हाई. हितं चार भिंती, वर स्लॅब, दाराला कडी. आन् मी उघडा.

मांजर पकडली त्या दिवशी डॉक्टरीणबाई आलत्या. पिंजऱ्याचं दार पडलं तशी मांजर तारांवर धडका द्यायला लागली. नाक फुटलं तिचं. पोरं फोन घेऊन भवती.

"अप्पा, चादर टाका लवकर," बाई वरडल्या. "सगळे बघायलेत म्हणून घाबरती ती. कुणी बघू नका!"

मी चादर टाकली. मांजर गप झाली. पुढं तिचं ऑपरेशन झालं, वळखू यावी म्हणून कानाचं टोक कापलं, सोडून दिली. ती गेली हिंडायला. कॅमेरा ऱ्हायला.

मीटिंग सुटली तसा हॉलमधून बाहेर आलो. झाडणारी अक्का खांबाला टेकून उभी. ती हासली नव्हती.

"अण्णा," ती हळू म्हणाली, "आम्हीबी तितंच लुगडं बदलतो की. आमचंबी आसंल का त्याच्यात?"

तवर मला माझीच लाज वाटायली होती. तिचं ऐकलं आन् कळलं, लाज माझी न्हवंच.

सरळ पंपाच्या खोलीत गेलो. पिंजऱ्यावरची चादर काढली, कॅमेऱ्यावर टाकली, सुतळीनं आवळून बांधली.

साहेबांनी ऑफिसात बोलावलं.

"कोण टाकली चादर?"

"मी."

"काढ." आता अप्पा गेलं, तुमी गेलं.

"न्हाई काढत."

"कामून?"

"मांजरीला टाकायची तुमच्याच डॉक्टरीणबाईंनी शिकवली. माणसाला कामून न्हाई?"

साहेब खुर्चीत मागं रेलले. "तुझं वय झालंय. वर हे दुखणं. कामाला लायक न्हाईस असं मी वर कळवू शकतो. पोराला फोन लावू? सांगू तुझं काय काय बाहेर यायलंय?"

म्हणजे माझ्या परवानगीबिगर बघितलं, आन् आता त्याचाच फास माझ्या गळ्यात. मी खिशातला फोन काढला. त्यांच्याच टेबलापुढं पोराला लावला. म्हणालो, "मला हर्निया हाय. लई दिसापासनं. तुला सांगितलं न्हाई. आता साहेबाला ठावं हाय तर तुलाबी आसू दे."

पोरगा काय बोलला ते हितं लिहीत न्हाई.

साहेबांचं तोंड बघायला थांबलो न्हाई. पण सुटलोबी न्हाई. अजून फाटकावर अंगठा लावल्याबिगर आत येता येत न्हाई, बाहेर जाता येत न्हाई. मला काढायचा कागद निघणार म्हणतेत. साहेब माणूस लावून चादर काढतेत, मी परत बांधतो. फाटली तर घरची घोंगडी आणून बांधीन.

आता सकाळी बाया कापडं बदलतेत तवा मी दाराबाहेर पाठ फिरवून उभा राहतो. पट्टा आवळलेला, सदऱ्यावरनं, समद्यांना दिसंल असा. ज्याला चादर काढायची हाय त्यानं माझ्या समोरनं यावं. मी हलणार न्हाई.