रिकामा तराजू

"जे दिसत नाई, हाताले लागत नाई, त्याच्या मागं पोरीनं किती वर्षं घालवाची?" गजेंद्रने दुपारचं ताट बाजूला सारलं. "तळेगाववाले आज उत्तर मागून राह्यले. घरचं कृषी केंद्र हाय, पोरगा चांगला हाय. फक्त शिकणं सोड म्हणतात."

"अन् पुण्याच्या त्या यंत्रात तिले सापडलं काय?" त्याचे वडील, नानाजी, सुनेकडे वळले. "अंधार!"

पुण्यात विश्वातल्या न दिसणाऱ्या कणांचा शोध घेत शिकणारी लेक आचल भिंतीशी उभी होती. आई मंदाबाई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती.

नाचणगावच्या मळ्यातली भाजी मंदाबाई लग्नापासून पुलगावच्या बाजारात विकत आली होती. इतरांनी बटणाचे काटे घेतले, तिने तराजू सोडला नाही. बोहणीच्या गिऱ्हाइकापुढे ती आधी रिकामा तराजू उचलून धरी. पारडी डोलून समान थांबली, की मगच वांगी चढत.

दिवाळीत आचलने याच तराजूवर तिला समजावलं होतं. आकाशातल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरतात, की नुसत्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाने त्या एकत्र टिकल्याच नसत्या. पारड्यात न दिसणारंही काही आहे. ते ॲक्सिऑन नावाचे फार हलके कण असावेत, असा एक अंदाज. मग तिने रिकामी दांडी तिरपी धरली.

"विश्व जन्मलं तवा काहीतरी असंच तिरपं अडकून होतं. सारं इतक्या जोरात पसरत होतं, की त्याले हालताच येत नव्हतं. तो जोर ओसरला, अन्..." तिने दांडी सोडली. "हे डोलणं म्हणजे ॲक्सिऑन. बारीक होत गेलं, पण अजून चालू हाय. या खोलीतबी."

"मंग थांबत काऊन नाई?"

"थांबवाले कोणी नाई, आई."

आता गजेंद्रने लेकीला थेट विचारलं, "सापडन का? एवढंच सांग."

'सापडन' म्हटलं असतं तर तो विरघळला असता. मंदाबाईच्या हातातली जुडी थांबली.

"सांगता येत नाई, बाबा," आचल म्हणाली. "जेवढ्यात धुंडाळलं, तेवढ्यात नाई. पुढं असन. नसनही. कदाचित ॲक्सिऑनच नसतील."

नानाजी हसले. "घ्या! बाजारात अशी बोलली, तर भाजी सडन."

"माही नाई सडली आजवर," मंदाबाई म्हणाली. तिने जुडी बांधून टोपल्यात ठेवली आणि ओले हात पदराला पुसले.

"तळेगावले मी फोन करीन. आचल सोमवारी पुण्याले जाईन. ताट ओढा, जेवून घ्या."