लखनौपर्यंतची काच

“नुसतं कसं?” असं म्हणून गुरुजी कनवटीला हात घालायचे आणि आम्ही घरातली माणसं मनातल्या मनात कपाळाला हात लावायचो. कनवटीतून एक पितळेची डबी निघायची. तिच्यात तुपात कालवलेलं कुंकू. मग घरात जे काही नवं आलं असेल, त्याला गुरुजींचं बोट लागल्याशिवाय सुटका नसायची.

गुरुजी आमच्या समोरच्या दारात राहायचे, मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची गंगापूजा, श्राद्धं ते दशाश्वमेधावर करायचे. बाबा मास्तर म्हणून रिटायर झालेले, गुरुजींचे लहानपणापासूनचे मित्र. काशीत पिढ्या गेल्यामुळे आमची मराठी अर्धी हिंदीत बुडालेली. ती बोलायला म्हणून तरी दोघे रोज संध्याकाळी भेटायचे आणि भेटले की भांडायचे. “तू देवालासुद्धा टिळा लावल्याशिवाय ओळखणार नाहीस,” असं बाबा म्हणायचे. गुरुजी म्हणायचे, “मास्तर, तू गप बस.”

फ्रिज आला, त्याच्या दारावर स्वस्तिक. गॅसचं सिलिंडर बदललं, त्याला टिळा. घरात नवा फोन बसला आणि त्याला टिळा लागला तेव्हा मी घरी नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी घाईघाईत रिसीव्हर कानाला लावला आणि दिवसभर लाल कान घेऊन बँकेत बसले. काउंटरवरचा प्रत्येक माणूस आधी माझ्या कानाकडे बघायचा, मग पासबुक पुढे करायचा. संध्याकाळी मी तणतणत गुरुजींकडे गेले, तर म्हणतात कसे, “अगं पोरी, मग? नुसतं कसं बोलायचं?”

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. मदतीला सगळ्यात आधी धावतो आणि तो धावताना दिसला की आपण म्हणतो, देवा, याला आजचा दिवस तरी थोडा ताप येऊ दे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्याकडे एक सेकंडहँड गाडी होती, दोन दारांची. मागच्या सीटच्या बगलेला मोठी काच, जी उघडत नसे. रबरात बसवलेलीही नव्हे, काळ्या दाट गोंदाने थेट पत्र्याला चिकटवलेली. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून ती बाहेर रस्त्यालगत एका अहात्यात, म्हणजे मोकळ्या आवारात, उभी असायची. वरच्या गच्चीवरच्या माकडाने कठड्याची सैल वीट ढकलली आणि नेमकी तीच काच फोडली. एवढ्या मोठ्या शहरात त्या मेल्याला दुसरी जागा मिळाली नाही.

एरवी मी पुठ्ठा लावून महिना काढला असता. पण जानेवारी होता आणि बाबांची छाती भरली होती. चार शब्द बोलले की दम लागायचा. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले. लखनौच्या मोठ्या डॉक्टरांनी सोमवारी आणायला सांगितलं, खाट राखून ठेवली. धुक्याने रेल्वेचा बोजवारा उडालेला, सकाळची गाडी रात्री येत होती. त्यांना फलाटावर कुडकुडत बसवणार कोण? म्हणजे आपल्या गाडीनेच न्यायला हवं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, “गार हवा लागू देऊ नका. वाटेत दम वाढला तर अवघड होईल.” आणि माझ्या गाडीला भगदाड!

मलदहिया भागातल्या काचवाल्या मिस्त्रीने कानपूरहून काच मागवली. आली ती डाव्या बाजूची. आम्हाला हवी होती उजवी. मी डोकं धरून बसले, तर मिस्त्री तोंडातलं पान सांभाळत म्हणतो, “दीदी, उलटा के देख लें?” मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. खरी काच आली ती रविवारी दुपारी. मी बाबांना सोडून जाऊ शकत नव्हते आणि गुरुजी म्हणाले, “तू बस. मी उभा राहतो गाडीपाशी. माझ्यावर सोड.”

माझ्यावर सोड! हे दोन शब्द ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं.

तिथे काय झालं ते मला नंतर कळलं. मिस्त्रीने जुना गोंद खरवडला, पत्रा पुसून लख्ख केला आणि टपरीवर चहा प्यायला गेला. आता गाडीला नवी काच बसणार, रोगी माणूस प्रवासाला निघणार, आणि गुरुजी नुसते उभे? डबी निघाली. चौकटीच्या चार कोपऱ्यांना चार बोटं आणि कडेकडेने चौफेर लांबलचक पट्टा, दाही दिशा बांधून टाकल्या. मिस्त्री परत आला, त्याने त्यावरूनच गोंदाची धार सोडली आणि काच दाबून बसवली. “रात भर छुइएगा मत,” असं सांगून तो गेला.

पहाटे आम्ही निघालो. बाबांना पुढे बसवलं तर टेकता येईना, म्हणून मागे उशांना रेलून बसवलं. शेजारी गुरुजी, घोंगडी पांघरून. त्यांना मी बोलावलं नव्हतं. “मास्तर जाणार आणि मी घाटावर बसून काय करू?” एवढंच म्हणाले आणि आत शिरले.

जौनपूर मागे पडलं. धुकं इतकं की बॉनेटचं टोक दिसेना. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मागून चर्र असा आवाज आला. वळून बघते तर नव्या काचेची वरची कड पत्र्यापासून सुटून बाहेर झुकलेली, आणि बर्फासारखा वारा आत. बाबा खोकायला लागले. खोकला थांबेना. मी गाडी कडेला घेतली, खाली उतरून काच धरली, तर ती पापडासारखी सगळीच्या सगळी हातात आली. काचेखालच्या चौकटीवर लालभडक पट्टा आणि तुपाचा वास.

मग मात्र माझा तोल गेला. भर रस्त्यात मी ओरडले, “गुरुजी, तुमची ती डबी माझ्या बापाचा जीव घेणार आहे! तूप लावल्यावर चिकटेल का काही? एवढी साधी अक्कल नाही तुम्हाला?” आयुष्यात मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. बाबांनी हात वर करून मला थांबवायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ओठ निळसर दिसत होते.

गुरुजी वाद घालतील असं मला वाटलं होतं. ते पट्ट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “माझंच बोट आहे ते. चुकलं. काच इकडे दे.”

चिकटपट्टी लावून पाहिली, दवाने ती पत्र्याला धरेना. दुकानं बंद, माणूस दिसत नाही. परत फिरावं तर खाट जाते, थांबावं तर बाबा थंडीने गारठतात. गुरुजींनी बाबांना दुसऱ्या बगलेला सरकवलं, आपली घोंगडी त्यांच्यावर घातली आणि स्वतः खिडकीकडे बसले. काच भोकापेक्षा मोठी होती. ती त्यांनी आतून भोकावर टेकवली, दोन्ही तळवे तिच्यावर पसरले आणि दाबून धरली.

“चल,” ते म्हणाले.

“गुरुजी, लखनौ लांब आहे.”

“मला माहीत आहे लखनौ कुठे आहे. तू रस्ता बघ.”

मी रस्ता बघितला. मधूनमधून आरशात त्यांचे वर धरलेले हात दिसायचे. ऊन काही निघालं नाही. सुलतानपूरला मी म्हटलं, थोडं थांबू, हात मोकळे करा. म्हणाले, “आता जरा निजलाय तो. उठवू नकोस.” बाबा खरंच त्यांच्या पाठीला डोकं टेकून झोपले होते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि त्या धुक्यात डोळे पुसायची सोय नव्हती.

आम्ही पोचलो. बाबांना लगेच आत घेतलं, प्राणवायू लावला. “वेळेत आणलंत,” डॉक्टर म्हणाले. मी बाहेर आले तेव्हा गुरुजी अजून गाडीतच होते. काच मी काढून घेतली, पण त्यांचे हात काही खाली येईनात.

परतल्यावर मी मिस्त्रीला जाब विचारला. तो लाल पट्टा दिसला नाही का रे तुला? तर तो म्हणतो, “देखा तो था, दीदी. लेकिन पंडितजी का लगाया टीका, हम कैसे पोंछते?” आता सांगा, कोणाकोणाशी भांडायचं माणसाने?

बाबा त्यानंतर काही वर्षं काढून गेले, त्यांच्यामागून गुरुजी. समोरच्या दारात आता परके भाडेकरू आहेत. गुरुजींच्या कटकटीने मी जेवढी वैतागले तेवढी कोणाच्याच नाही, आणि तरी त्यांची आठवण आली की मला लखनौची ती दुसरी सकाळ दिसते.

बाबांच्या नाकावरची नळी काढली होती. गुरुजी त्यांच्या खाटेपाशी स्टुलावर बसलेले, हात मांडीवर लाकडासारखे पडलेले, कोपरातून वाकत नव्हते. मी चहा आणला. गुरुजींना कप उचलता येईना. बाबा उशीवरून जरा पुढे झाले, चहा बशीत ओतला आणि ती गुरुजींच्या तोंडाशी नेली.

“भाजतंय रे, मास्तर!” गुरुजी करवादले. “फुंकून दे की!”

आणि आदल्या दिवशी ज्यांना धड श्वास घेता येत नव्हता, त्या माझ्या बाबांनी छाती भरून श्वास घेतला आणि बशीवर हळूच फुंकर घातली.