तळ्यात खाजणाची माती

आमचं घर सामाईक आहे. म्हणजे असं, की वर्षभर झाडलोट मी करायची, पावसाआधी कौलं नवऱ्याने चाळायची, आणि कुठे काय करायचं ते मुंबईहून दिराने ठरवायचं. शिमगा, मे महिना आणि गणपती, एवढ्यापुरता तो येतो. आला की पहिल्या चहालाच परसात फेरी मारून काय चुकलंय ते सांगतो. इतकी वर्षं मी ऐकून घेतलं. तळ्याच्या बाबतीत नाही घेतलं.

तळं म्हणजे फार मोठं काही नव्हे. स्वयंपाकघर वाढवताना बाजूचा जांभ्याचा चिरा काढला होता, त्याचा खड्डा राहिला. खोल करावा म्हटलं तर दीड फुटावर सब्बल खणखणायला लागली, खाली सगळा कातळ. बाकी बायकांना दागिन्यांची हौस असते, मला पाण्यातल्या झाडांची आहे. बँकेतून दमून आल्यावर बसायला अशी एक जागा मला हवी होती, जिथे कुणी सूचना करणार नाही. एवढंच मागणं होतं.

जांभा पाणी धरत नाही, पितो. म्हणून तळाला चिकणमातीचा थर द्यायचा होता. माती शेतातली आणायची, असं मी नवऱ्याला सांगून कामावर गेले. संध्याकाळी येते तर खड्ड्यात काळी गुळगुळीत माती छान थापून बसवलेली.

"कुठली हो ही?"

"टेम्पो आला होता," नवरा म्हणाला. "भाऊने फोन करून सोय केली. एक नंबर चिकण आहे."

माती खरोखरच चिकण होती. मी जास्त विचारलं नाही. दिराचा विषय निघाला की आमच्याकडे जेवण गार होतं.

पाणी भरून घेतलं, थोडे दिवस निवळू दिलं आणि झाडं लावली. उथळ पाण्याची झाडं निवडताना हावरटपणा करून चालत नाही. मोठं कमळ मी आधीच सोडलं होतं. त्याला खोली लागते, जागा लागते, आणि दीड फूट पाण्यात त्याची पानं सगळं तळं गिळून बसतात. त्यापेक्षा लहान जातीची कुमुदिनी बरी. पान तळहाताएवढं, फूल पांढरं, अर्धं पाणी झाकते आणि अर्धं मोकळं ठेवते. सावली हवीच, नाहीतर मे महिन्यात उथळ पाणी चहाच्या आधणासारखं तापतं आणि शेवाळ माजतं. काठाला वेखंड लावलं. ते संगमेश्वरजवळ नदीकाठी राहणाऱ्या मावसबहिणीने गोणपाटात गुंडाळून पाठवलं होतं. न्हाणीच्या बाजूला अळू आणि चिऱ्यांच्या फटींत ब्राह्मी. डासांसाठी गप्पी मासे. जाऊ रोज मोबाइलवर संगमरवरी कारंज्यांचे फोटो पाठवत होती, "असं करा ना वहिनी!" मी अंगठा दाखवून कामाला लागत होते.

शिमग्यापर्यंत सगळं मेलं. कुमुदिनीची पानं कडेने करपली, मग चिंधीसारखी झाली. वेखंड पिवळं पडलं. अळू माझ्याकडे कधी मेलेलं नव्हतं, तेही लोळलं. मी पानं उलटून कीड शोधत होते, मुळं उपसून कुजलीत का बघत होते. आणि नेमका त्याच दिवशी दीर गाडीतून उतरला, पाणी पिऊन थेट परसात आला.

"वहिनी, कमळं गेली वाटतं?"

"कुमुदिनी होती. कमळ उथळ पाण्यात नको, म्हणून ती."

"तेच ते हो. नाही जमत तर सोडा ना. बुजवून टाकू. मी गाडी तरी आत लावीन. बाहेर रस्त्यावर आंब्याचा चीक पडतो बॉनेटवर."

माझं लक्ष काठाकडे गेलं होतं. पाणी आटून खाली गेलं होतं आणि सुकलेल्या मातीवर पांढरं पुट धरलं होतं. बोटाने खरवडलं आणि जिभेला लावलं.

मीठ.

"भावजी, ही माती कुठून आणवलीत?"

"खाजणातली. आपल्याच. थेंब तरी गळला का बघा तळ्यातून!"

खाडीकाठच्या खाजणात रोज दोनदा भरतीचं पाणी चढतं. या घरातली पोरं तिथे कालवं काढत, खेकडे धरत वाढली. आंघोळीला आली की अंगावर मिठाची पांढरी रेघ घेऊन येत, असं सासूबाई सांगायच्या. त्याच पोरांनी, आता डोक्यावर केस उरले नाहीत एवढे बाप्ये झाल्यावर, गोड्या पाण्याच्या तळ्यात खाजणाची माती थापली होती. का, तर ती फुकट मिळते आणि आपल्या मालकीची आहे. आपलं ते चांगलंच, असा या घराचा हिशेब.

"बोट बुडवा आणि चाटून बघा," मी म्हणाले.

"काय वहिनी! थोडं मचूळ असतंच इकडचं पाणी."

"आल्यापासून आमच्या विहिरीचं दोन तांबे पाणी प्यायलात. मचूळ लागलं?"

तो हसला. नवरा माडाकडे बघत होता. नारळ मोजत असल्यासारखा.

"बरं, भांडण नको," दीर म्हणाला. "गणपतीपर्यंत बघू. तेव्हाही असंच डबकं असेल तर बुजवायचं. काय दादा?"

"ठीक आहे," नवरा म्हणाला.

मला कुणी विचारलंच नाही. खड्डा माझा, झाडं माझी, मेली तीही माझीच, आणि मुदत या दोघांनी एकमेकांत ठरवली. त्या रात्री मी नवऱ्याला वाढलं आणि एवढंच म्हणाले, "ठीक आहे म्हणालात ना? उद्या फावडं घ्यायचं."

त्याने घेतलं. त्याने घमेली भरली आणि मी माडांच्या आळ्यांत नेऊन ओतली. माडाला मीठ चालतं, उलट मानवतं. मध्येच तो म्हणाला, "मला वाटलं, त्याला माहीत असेल."

"तो डोंबिवलीत राहतो. तुम्ही इथे राहता."

यावर त्याने फावडं जरा जोरात मारलं. मला बरं वाटलं.

खड्डा विहिरीच्या पाण्याने धुतला, उपसला, परत धुतला. खाली जाड ताडपत्री घातली, कडा चिऱ्यांनी दाबल्या. माती तळ्यात पसरायचीच नाही, असं या वेळी ठरवलं. फुटक्या घमेल्यांत शेतातली माती भरली, वर खडी घातली आणि झाडासकट घमेली पाण्यात ठेवली. काही बिघडलं तर एक घमेलं उचलता येतं. मावसबहिणीने पुन्हा नवं वेखंड पाठवलं, सोबत निरोप, "या वेळी मारलंस तर स्वतः येईन." पाऊस लागला तसं सगळं धरलं. श्रावणात कुमुदिनी फुलली. मी तिच्याकडे बघायची, पण निवांत बसून नाही. गणपती किती लांब आहेत ते मनात मोजत.

दीर आला. गाडीतून जाऊ उतरली, तिच्या हातात बादली. बादलीत फुगीर देठांची जलपर्णी, जांभळ्या तुऱ्यांसकट.

"तुमच्या तळ्याला, वहिनी! किती गोड दिसते ना?"

मी बादली घेतली. जलपर्णी एकदा पाण्यात पडली की तळं भरते, पावसात उतू जाते, आणि खालच्या पऱ्याच्या ओहोळात वाडीच्या गुरांना पाणी प्यायला जागा ठेवत नाही. जावेला हे माहीत नव्हतं आणि विचारायची या घरात पद्धत नाही.

आरतीला वाडी जमली. आरती झाल्यावर माणसं परसात पसरली आणि मी पंचखाद्य वाटत निघाले. तळ्याकाठी झब्बा घालून दीर उभा होता.

"मोठं कमळ नकोच म्हटलं आम्ही," तो सांगत होता. "पाणी उथळ आहे ना. कुमुदिनीच बरी. काठाला ते वेखंड. आणि खालची माती आपल्या खाजणातली, म्हणून थेंब गळत नाही."

"वा," कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांसमोर सांगावं, मिठाचं पुट, करपलेली पानं, ती मुदत, सगळं, असं अगदी ओठांवर आलं होतं. नवऱ्याने दुरून माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण मला एक गोष्ट कळत होती. ज्या तळ्याची फुशारकी माणूस अख्ख्या वाडीसमोर मारतो, ते तो बुजवू शकत नाही. मी त्याच्या हातावरही पंचखाद्य ठेवलं. त्याने ते तोंडात टाकलं आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. राग गेला नाही. अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊ तळ्याकाठचं अळू ऋषीच्या भाजीला खुडत होती. दीर काठाने फिरत पाण्यात वाकून बघत होता.

"वहिनी, ती जांभळ्या फुलांची कुठे लावलीत?"

"माडाच्या आळ्यात पुरली."

"पाण्यात नाही?"

"नाही."

तो कारणाची वाट बघत उभा राहिला.

"भावजी, पाऊस येतोय," मी म्हणाले. "बाहेर रस्त्यावर गाडीच्या काचा उघड्या नाहीत ना, तेवढं बघून या."