मस्कतचा कंदील

गुणाजी मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचा जुना मच्छीमार, आणि हट्टासाठी वेंगुर्ल्यापर्यंत प्रसिद्ध. त्याचा एकुलता एक मुलगा सुशांत मस्कतला वेल्डर होता. दोन हजार पाच साली गावातल्या नम्रताने बाजारात सायबर कॅफे काढला आणि दर शुक्रवारी, सुशांतच्या सुट्टीला, गुणाजी धुतलेला सदरा घालून तिथे जाऊ लागला. हेडफोन लावायचा, ‘जेवलंस रे?’ विचारायचा, आणि मग बापलेक दोघेही गप्प. अमेरिकेत म्हणे लोक इंटरनेटवर घरबसल्या बाजारहाट करतात. आमच्याकडे मुलाचा श्वास ऐकू आला तरी बापाचे पैसे वसूल.

गणपतीनंतर सुशांतचं बोलणं बंद झालं. स्क्रीनवर त्याच्या नावाशेजारी हिरवा ठिपका मात्र लागायचा. ठिपका म्हणजे तो तिकडे कॉम्प्युटरवर आहे, असं नम्रताने सांगितलं. गुणाजीला तेवढं पुरलं. रात्री होड्या बाहेर गेल्या की आमच्याकडे किनाऱ्यावरून कंदील शोधतात. कंदील दिसला की होडी सुखरूप, घरचे झोपायला मोकळे. त्याची बायको गंगू मासे विकून आली की डोकं खायची, फोन लागत नाही, त्याला तिकडे पाठवणाऱ्या कुडाळच्या एजंटाला तरी विचारा. गुणाजी तिच्यावरच खेकसायचा.

‘दिवो पेटता मा? मगे झील बरो आसा.’

दिवा पेटतोय म्हणजे मुलगा बरा, असला विश्वास देवाच्याही वाट्याला येत नाही. मला तर त्याचा संताप यायचा.

शिमग्याच्या सुमारास एका शुक्रवारी हेडफोनमध्ये अचानक आवाज आला, पण तो सुशांतचा नव्हता. बोलणारा वैभववाडीचा गंगाराम, सुशांतच्या खोलीत नुकताच राहायला आलेला. खोलीत कॉम्प्युटर एकच, सगळ्यांचा मिळून. कुणीही सुरू केला की सुशांतच्या नावाचा ठिपका आपोआप लागायचा. बाकीचे सगळे केरळचे; गुणाजीच्या वतीने नम्रता टाइप करून पाठवायची ते मराठी निरोप त्यांना कळत नव्हते, म्हणून ते सोडून देत. सुशांत गणपतीनंतर लगेचच मुकादमाशी भांडून निघून गेला होता. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हाच कुणी चौकशी केली असती तर माग लागला असता, असंही गंगाराम म्हणाला. हे त्याने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

गुणाजी घरी आला तेव्हा गंगू दारातच उभी होती. दिसला का, असं तिने नेहमीसारखं विचारलं. तो ओट्यावर बसला.

‘कंदील दिसलो गो,’ तो म्हणाला. ‘होडयेत कोणच नाय होतो.’