तडतड थांबेपर्यंत

करंजमामांचा सगळा कारभार कानांवर चालायचा. देवगाव फाट्याजवळच्या गावात ते इंजिनं दुरुस्त करत. करंजाच्या कडू तेलापासून डिझेल करायचं वेड लागलं, तेव्हापासून गाव त्यांना या नावानं हाक मारू लागलं. तेल कढईत तापवायचे आणि डोळे मिटून ऐकत बसायचे. “पाणी हाय तवर तेल तडतडतं, बाई. गप झालं की मगच औषध घालायचं, न्हाईतर साबण व्हतो.” औषध म्हणजे कॉस्टिक आणि मिथेनॉल.

मी शाळेतली विज्ञानाची बाई. त्यांना कानांनी कळलेलं मी समीकरणात लिहून दाखवायची. ते “लय भारी!” म्हणायचे आणि मी फुगायची. काय तो माझा तोरा!

गावातल्या बायकांनी बांधावरच्या करंजांखालून पोती भरभरून बिया वेचल्या. ट्रॅक्टरवाल्यांना डिझेल पटलं, तर त्या मिळून घाणा घेणार होत्या. प्रात्यक्षिकाच्या सकाळी मामा दाराशी इंजिन जोडत होते. तेल तापवायचं माझ्याकडे. मंडळी जमली, चहा झाला, कुणीतरी घड्याळ बघू लागलं. तेल तर स्वच्छ दिसतंय, म्हटलं. जरासं कोमट केलं, पिंपात ओतलं आणि औषध घालून मोकळी झाले.

तासाभरात पिंपात साबणाचा लगदा! “मामा, आंघोळीची सोय केली की तुमी!” लोक खो खो हसले. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “माझाच अंदाज चुकला.” पोरांना रोज खरं बोला सांगणारी मी पदराशी चाळा करत उभी राहिले. घाणा आला नाही. बिया उकिरड्यावर गेल्या. मामांनी पुन्हा ती कढई चुलीवर ठेवली नाही.

माझी परभणीला बदली झाली, तेव्हा त्यांनी जेवायला बोलावलं. हात धुवायला एक पिवळट वडी पुढे केली. “त्याच पिंपातली हाय.” पाणी घालता घालता सहज म्हणाले, “त्या दिशी तडतड ऐकूच आली न्हाई. मला वाटलं, शिकलेल्यांची रीत येगळी असंल.”

धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं मला. “मग स्वतःवर का घेतलंत, मामा?”

“तुमाला दुसऱ्या दिशी पोरांम्होरं उभं ऱ्हायचं व्हतं.”

मागच्या वर्षी मामा गेले. दहाव्याला कुणीतरी साबणाचा किस्सा काढला आणि सगळे हळूच हसले. मी तिथंही तोंड उघडलं नाही.